चंद्राची कड आणि आम्ही चौघं

रायपूर राजधानी झालं आणि सगळ्यात आधी आमच्या विभागाची गच्ची कामातून गेली. इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय बसलं, शंकर नगरातले बंगले मंत्र्यांना कमी पडायला लागले, रस्त्यारस्त्यांवर पिवळे दिवे लागले, आणि ज्या आकाशासाठी आम्ही एम.एस्सी.ला खगोलशास्त्र घेतलं होतं ते आकाश गढूळ झालं. त्यात कारखान्यांची काजळी. सकाळी झाडलेल्या गच्चीवर संध्याकाळी अनवाणी चाललं की तळपाय काळे व्हायचे. गावभर मिठाई वाटली जात होती. आम्हीही खाल्ली, गोड होती. मग वर जाऊन पाहिलं तर जिथे काल तारे होते तिथे नुसता धुरकट उजेड.

खगोलशास्त्र घेणारे आम्ही चौघंच होतो, तीन मुलगे आणि मी. एक शंकर नगरचा. त्याच्या घरी मराठी बोलत, पण त्याला मराठीत विचारलं तरी तो हिंदीतच उत्तर द्यायचा. हुशार होता, नीटनेटका होता, आणि कोणी न नेमता आमचा म्होरक्या झाला होता. दुसरा सदर बाजारातल्या सराफाचा मुलगा, ज्याच्या मोटरसायकलवर अर्धं आकाश शिकायला आम्ही गावाबाहेर गेलो. तिसरा छत्तीसगढी, गावाकडून आलेला, अबोल. आणि मी, रेल्वेच्या वॅगन कारखान्यातल्या फिटरची मुलगी. वडील चंद्रपूरकडचे. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळी तिकडचीच घरं, मधे विहार, आणि दर घरात मुलांच्या शिक्षणाचा ध्यास. 'शिक' हा एक शब्द वडिलांनी मला इतक्या वेळा ऐकवला होता की त्याचा कंटाळा यायचा आणि आधारही वाटायचा.

सर नागपूरचे. गच्ची गेल्यावर ते हात टेकून बसले नाहीत, त्यांनी आमच्यासाठी दुसरं काम शोधलं. चंद्र सरकताना वाटेतले तारे झाकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जमिनीवर एक अशी रेघ असते की तिच्या आसपास उभं राहून पाहिलं तर तारा चंद्राच्या पोटामागे जात नाही, कडेला घासून जातो. कड गुळगुळीत नसते. डोंगर आडवा आला की तारा लपतो, दरी आली की पुन्हा दिसतो, आणि काही मिनिटांत हा लपंडाव आटोपतो. माणसं त्या रेघेला आडवी, अंतराअंतरावर उभी करायची. प्रत्येकाला वेगळा डोंगर दिसतो, वेगळी दरी. सगळ्यांनी टिपलेल्या वेळा एकत्र मांडल्या की चंद्राच्या कडेचं चित्र निघतं. एकट्याच्या नोंदीतून ते निघत नाही. म्हणून हे चमूचं काम, आणि म्हणूनच ते सरांना आवडायचं.

ती रेघ त्या वर्षी रायपूरच्या पलीकडे, नव्या राजधानीसाठी घेतलेल्या शेतांमधून जाणार होती. तिथून एक नहर, म्हणजे कालवा, जातो. नहराच्या पाळीवर चार जागा, चार दुर्बिणी, प्रत्येकापाशी एक टेपरेकॉर्डर आणि एक छोटा रेडिओ. रेडिओवर वेळेचे ठोके चालू ठेवायचे, तारा लपला की 'गेला' म्हणायचं, दिसला की 'आला'. ठोके आणि शब्द दोन्ही कॅसेटवर येतात, मग वेळ काढता येते. पोरं 'गया' आणि 'आया' म्हणायची. बाकी चकार शब्द काढायचा नाही. आणि सरांचा एक नियम होता, तो त्यांनी आमच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता: एकदा डोळा लावला की काही झालं तरी जागा सोडायची नाही.

"बाजूचा बेहोश होऊन पडला तरी?" सराफाच्या मुलानं विचारलं होतं.

"तरी. तीन मिनिटांनी उचला त्याला. तीन मिनिटांत कोणी मरत नाही," सर म्हणाले.

आम्ही हसलो. महिनोन्‌महिने सराव केला. मी त्यात बरी होते, हे मी आता सांगायला लाजत नाही. 'गेला' म्हणायला माणसाला जो उशीर होतो तो माझा सगळ्यात कमी होता आणि दर वेळी सारखाच होता. सरांना त्याचं मोठं अप्रूप. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्यात काम करायला ते दर वर्षी एकाला पाठवायचे. तिथे गेलेला बहुतेक तिथेच पुढे पीएच.डी.ला लागायचा. ह्या कामात जो चांगलं करील तो जाईल, असं त्यांनी सांगून टाकलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. जेवताना पुणं, झोपताना पुणं. पुणं मी कधी पाहिलं नव्हतं, पण तिथल्या गच्चीवर काजळी नसेल अशी माझी खात्री होती.

आणि मग सरांनी जागा वाटल्या. तीन जागा, चार माणसं. मला त्यांनी म्होरक्याबरोबर ठेवलं होतं.

"सर, दुर्बिणी चार आहेत," मी म्हटलं.

"आहेत. पण तुला शेतात अंधारात एकटी उभी कशी करू पोरी?"

"मग रेघेच्या मधेच भोक पडते, सर. ज्या जागी तारा जास्त वेळा लपणार तीच जागा रिकामी राहते."

ते खरं होतं आणि त्यांना ते माहीत होतं. ते चष्मा पुसत बसले. मुलगे खाली मान घालून ऐकत होते. शेवटी सर म्हणाले, वडिलांनी स्वतः येऊन सांगितलं तर.

घरी मी विषय काढला आणि आईनं घर डोक्यावर घेतलं. "मुलगी एकटी वावरात उभी राहीन, अन् रात्री दुर्बीण पाहीन! लोक काय म्हणतीन?" रात्री नाही, दिवस बुडाल्यावर लगेच, असं मी परोपरीनं सांगितलं. तिला दोन्ही सारखंच. वडील ऐकत होते. मग म्हणाले, "तिचं शिक्षण आहे ते. मी येतो उद्या."

आले. कारखान्यातून सुटून, निळ्या कपड्यांवर, ग्रीसच्या वासासकट. सरांसमोर खुर्ची असून बसले नाहीत. "साहेब, पोरगी उभी राहीन म्हणते, तं राहू द्या," एवढं म्हणाले. सरांनी मान हलवली. मी आत जागांचा नकाशा बदलायला बसले आणि वडील बाहेर व्हरांड्यात माझी वाट बघत थांबले, पोरांशी काहीबाही बोलत. घरी जाताना सायकलवर मागे बसून मी त्यांना पुण्याचं सांगितलं. ते म्हणाले, "झालं तं पाठवीन तुले. मग कोणी काही म्हणो." मला इतका आनंद आयुष्यात दोनदा-तीनदाच झाला असेल. पाऱ्यातल्या कुठल्या बापानं आपल्या मुलीसाठी असं केलं असतं? मी तेव्हा सगळ्या जगाला माफ करून टाकलं होतं.

तो दिवस थंडीतला. धान कापून झालं होतं, शेतं मोकळी होती, नहरात थोडं पाणी. आम्ही उजेडी पोचलो, आपापल्या जागी तिपाया रोवल्या. सर डाव्या टोकाला गाडीपाशी. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून ते स्वतः बघणार नव्हते. मग मोटरसायकल शेजारी लावून सराफाचा मुलगा, मग म्होरक्या, मग मी, आणि माझ्या पलीकडे, उजव्या टोकाला तो अबोल मुलगा. प्रत्येकाच्या मधे इतकं अंतर की हाक पोचावी, पण बोललेलं कळू नये. सूर्य बुडाला. पश्चिमेला चंद्राची कोर, तिच्या अंधाऱ्या बाजूचा तो राखेसारखा उजेड, आणि त्याच्याकडे सरकत येणारा आमचा तारा. मी डोळा लावला, रेडिओ लावला. ठोके सुरू होते. मी एकटी होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट हेच तर हवं होतं.

मागे पावलं वाजली. कंदिलाचा उजेड गवतावर हलला. मी डोळा न काढता म्हटलं, कोण आहे?

एक म्हातारी होती, तिच्याबरोबर काठी घेतलेला एक म्हातारा आणि गावातली आणखी दोन-तीन माणसं. म्हातारी म्हणाली, "का नोनी, भुइयां नापत हस का?"

पोरी, जमीन मोजतेस का, असं ती विचारत होती. तिचं बरोबर होतं. गेलं वर्षभर तिथे अशीच तीन पायांची यंत्रं घेऊन सरकारी माणसं यायची, शेतातून दोऱ्या ओढायची आणि निघून जायची, आणि मग कागद यायचे. तिपाई दिसली की गाव धावत बाहेर यायचं. हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. चंद्राचा एकेक डोंगर पाठ होता आम्हाला, आणि ज्यांच्या वावरात उभं राहायचं त्यांना एका शब्दानं विचारावं हे सुचलं नाही.

"नहीं दाई, चाँद देख रही हूँ," मी म्हटलं.

ती हसली. "चंदा देखे बर अतेक दूरिहा आय हस? अकेल्ला?"

चंद्र बघायला एवढ्या लांब, तीही एकटी, ह्याचं तिला नवल वाटलं. मी तिला म्हटलं, थोडा वेळ बोलू नका आणि कंदील झाका, मग सगळ्यांना चंद्र दाखवते. तिनं लगेच कंदिलावर टोपली पालथी घातली. सगळे पाळीवर खाली बसले. कोणी खोकलंसुद्धा नाही. आमच्या विभागातल्या पोरांनाही इतकं गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तारा कडेला टेकला. गेला. मी म्हटलं, गेला. श्वास घेतला तेवढ्यात आला. पुन्हा गेला. तो एका क्षणात जातो, कोणी दिवा मालवावा तसा, आणि तुम्ही तिथे डोळा लावून उभे असता आणि तुम्हाला कळतं की आत्ता तुमच्या डोळ्यासमोर चंद्रावरचा एक डोंगर आडवा आला, तो फक्त तुमच्याच जागेवरून आला. मला रडू येत होतं. मी पुढच्या 'आला'ची वाट बघत होते.

आणि एकदम सगळं पांढरं झालं. मोटरसायकलचा दिवा. पाठोपाठ आरडाओरडा, "छोड़ो उसको! हटो!" कोणीतरी धावत माझ्यावर आलं, तिपाईचा पाय सरकला, दुर्बीण कलंडली आणि पाळीवरून खाली चिखलात गेली. मी मागे वळले तर म्होरक्या त्या म्हाताऱ्याच्या हातातली काठी हिसकत होता, आणि म्हातारा जमिनीवर पडला होता. सराफाचा मुलगा मोटरसायकल तशीच चालू ठेवून उभा. दुसऱ्या बाजूनं तो अबोल मुलगा धावत येत होता. तिघंही आले होते. तीन जागा रिकाम्या, तीन टेपरेकॉर्डर तिकडे एकटेच ठोके ऐकत होते.

ही गावातली साधी माणसं आहेत हे अबोल मुलाला पाहता क्षणी कळलं. तो त्याच बोलीत म्हाताऱ्याशी बोलला, त्याला उठवलं, त्याचे पाय धरले. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "तोर भाई आंय का?" तुझे भाऊ का हे? काय सांगणार होते मी? हो म्हटलं. तिनं कंदील उचलला, आणि ती माणसं चंद्र न बघताच परत गेली.

मी वर पाहिलं. तारा चंद्रापासून सुटून बाजूला आला होता.

"तू जागा का सोडलीस?" मी म्होरक्याला विचारलं. माझा आवाज चिरका झाला होता. "डोळा लावलेला माणूस इकडे बघतोच कसा?"

"बस, नज़र पड़ गई," तो म्हणाला. "लोग थे, लाठी थी। छोड़ देते क्या तुझे?"

बाकी दोघं त्याच्याकडे बघून धावले होते. एक हलला म्हणून दुसरा, दुसरा हलला म्हणून तिसरा. आम्ही चमू म्हणून एवढं एकच काम एकजुटीनं केलं.

सरांनी दुसऱ्या दिवशी चारही कॅसेटी ऐकल्या. माझ्या कॅसेटवर तीन नोंदी होत्या, सराफाच्या मुलाच्या कॅसेटवर एक 'गया', बाकी पावलांचे आवाज. तीन-चार नोंदींवर चंद्राची कड निघत नाही. पुन्हा अशी रेघ आमच्या गावाजवळून जाईल तोवर आम्ही कुठे असू कोणास ठाऊक. सर म्हणाले, "चूक माझी झाली. मुलीला एकटं उभं करायला नको होतं."

"सर, मी तर जागा सोडली नाही," मी म्हटलं.

"तुझं नाही म्हणत मी काही."

"मला काही झालंच नव्हतं. ते लोक गप्प बसले होते."

"हो. पण झालं असतं तर?"

झालेल्या गोष्टीला पुरावा देता येतो. न झालेल्या गोष्टीपुढे माणूस नुसता तोंड उघडं टाकून उभा राहतो. तीन नोंदी माझ्या, नियम पाळणारी मी, आणि निकाल असा की हा प्रयोग माझ्यामुळे फसला. पुढच्या वर्षीपासून मुलींनी विभागात बसून आकडेमोड करायची, असं ठरलं. ठरलं ते आजवर कोणी बदललं की नाही, मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

पाऱ्यात गोष्ट पोचली तेव्हा ती आणखी निराळी झाली होती. गावगुंडांनी मला घेरलं होतं आणि तीन पोरांनी जिवावर उदार होऊन सोडवलं. मी ज्याला त्याला खरं सांगत सुटले. लोक मान हलवायचे, आणि त्यांच्या नजरेत दिसायचं की बिचारी लाजेपायी लपवून राहिली. काही दिवसांनी मी सांगणं सोडलं. आईनं तिघांना जेवायला बोलावलं, पुरणपोळी केली, आणि मला वाढायला लावलं. मी वाढली. अबोल मुलानं खाली मान घातली ती वर केली नाही. बाकी दोघांनी आग्रहाच्या पोळ्या घेतल्या.

पुण्याला सरांनी म्होरक्याचं नाव दिलं. संकटात डोकं शाबूत ठेवणारा मुलगा आहे, असं ते म्हणाले. वडिलांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे. आता एवढं झाल्यावर मी तरी तुले कोणत्या तोंडानं पाठवलं असतं?" मला वाटलं, हा माणूस माझ्याइतकाच हरला आहे. ह्या विचारानं मला, खरं सांगते, थोडं बरं वाटलं. निदान आम्ही दोघं तरी एका बाजूला होतो.

म्होरक्या निघाला त्या दिवशी वडील मला घेऊन स्टेशनवर गेले. रेल्वेतलेच असल्यामुळे तिकीट तपासनीस त्यांच्या ओळखीचा. त्याला सांगून त्यांनी मुलाला खिडकीची जागा करून दिली. आईनं दिलेला चिवडा डब्यात ठेवला. गाडी हलायच्या आधी वडिलांनी खिडकीच्या गजातून त्याचा हात हातात घेतला.

"बेटा, मी सांगितलं अन् तू शब्द राखला," ते म्हणाले. "तुया उपकार मी विसरणार नाही."

"अरे नहीं अंकल," तो म्हणाला, आणि एकदा माझ्याकडे बघून त्यानं नजर वळवली.

गाडी गेली. प्लॅटफॉर्म रिकामा व्हायला लागला. मी विचारलं, "बाबा, तुम्ही काय सांगितलं होतं त्याले?"

"काय सांगणार? त्या दिवशी तुमच्या विभागात आलो होतो ना, तेव्हा व्हरांड्यात म्हटलं त्याले, पोरगी हट्टाले पेटली आहे, तिले काही म्हणू नको, पण तू आपला तिच्याकडे पाहत राहजो. बाकी काही नाही पाहिलं तरी चालते." ते सहज सांगत होते. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "अन् पाहत राहिला पोट्टा. इमानदार आहे."

त्या पाळीवर मी एकटी उभी आहे असं मला वाटत होतं, आणि असं वाटणारी तिथे मी एकटीच होते. आयुष्यात एका माणसानं तरी मला मोकळं सोडलं, ह्या भरवशावर मी त्या अंधारात उभी राहिले होते, नंतर सरांशी भांडले होते, आणि तो हरल्याचं दुःखही मी त्याच्याबरोबर वाटून घेतलं होतं. तेवढंसुद्धा खरं नव्हतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण ते इतक्या समाधानानं रुळांकडे बघत होते की माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि पुढे ते गेले तोवर कधी फुटला नाही.

"चाल," ते म्हणाले, "तुयी माय वाट पाहून राहिली असन."